बारा अंकी संख्या हातानं कशी उलगडायची: अलिबागच्या पिनकोडवरून

४०२२०१४०२२०१.

ही संख्या समोर ठेवली आणि हिचे अवयव काढा म्हटलं, की बहुतेक जण थेट मोबाईल काढतात. मोबाईल उत्तर देतो, पण ते उत्तर का आलं ते कळत नाही आणि बरोबर आहे की चूक हे तपासताही येत नाही. हा लेख नव्यानं या छंदात पडणाऱ्यांसाठी आहे: आठवी-नववीतली मुलं, त्यांना शिकवणारे पालक, किंवा शाळा सुटून बरीच वर्षं झाली तरी आकड्यांची ओढ न सुटलेले लोक. वरची संख्या म्हणजे अलिबागचा पिनकोड ४०२२०१ दोनदा लागोपाठ लिहिलेला आहे. तुम्ही तुमच्या गावाचा घ्या. पद्धत तीच राहते.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण नवीन माणसाचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. मोठ्या संख्येचे गुणधर्म म्हणजे वीस वेगवेगळ्या गोष्टी नव्हेत. मूळ अवयव एकदा हाती आले की विभाजक किती, त्यांची बेरीज किती, सहमूळ संख्या किती, दोन वर्गांची बेरीज होते की नाही, हे सगळं त्यातूनच निघतं. म्हणून जीव ओतायचा तो अवयव काढण्यात आणि ते तपासण्यात.

काय काय लागेल

- चौकटीची वही. साध्या रेघांच्या वहीत बारा अंकांचा भागाकार एकाखाली एक नीट येत नाही आणि हातचा चुकतो.
- १०० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. एकूण २५ आहेत. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.
- बारा अंकी कॅल्क्युलेटर. किराणा दुकानात असतो तो चालतो. आठ किंवा दहा अंकी घेऊ नका, संख्या मावतच नाही.
- शेवटी उत्तर पडताळायला संगणक. सुरुवातीला नको.

१. संख्या निवडा आणि दोन तऱ्हांनी लिहा

पिनकोड हा सहा अंकी असतो आणि शून्यानं सुरू होत नाही, त्यामुळे तो दोनदा लिहिला की नेमकी बारा अंकी संख्या मिळते. भारतात ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृत कवीही.

आता संख्या दोन प्रकारे लिहा.

आपल्या पद्धतीनं: ४,०२,२०,१४,०२,२०१, म्हणजे ४० हजार २२० कोटी १४ लाख २ हजार २०१.

तीन-तीनच्या गटांनी: ४०२ | २०१ | ४०२ | २०१.

दुसरी तऱ्हा का, ते पुढे कळेलच. पण इथला खड्डा आत्ताच सांगून ठेवतो. ७, ११ आणि १३ ची कसोटी तीन-तीनच्या गटांवर चालते, आपल्या लाख-कोटीच्या स्वल्पविरामांवर नाही. छापलेल्या स्वल्पविरामांनाच गट समजून कसोटी लावली की उत्तर चुकतं, आणि चुकलंय हे लक्षातही येत नाही.

आणखी एक इशारा. आधार क्रमांकही बारा अंकी असतो, त्यामुळे तोच घेऊन बघावा असा मोह होतो. स्वतःच्या वहीत काय करायचं ते करा, पण कुठल्याही संकेतस्थळावर अवयव काढायला तो टाकू नका. पिनकोड सगळ्या गावाचा असतो, आधार एकट्या तुमचा.

२. भागाकाराआधी संख्येची ठेवण बघा

नारळ आधी सोलतात, मग फोडतात. इथेही तोच क्रम.

एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. आपल्या संख्येचं वर्गमूळ ६,३४,१९३ च्या जरा पुढे आहे. तिथपर्यंत पन्नास हजारांहून जास्त मूळ संख्या येतात. हातानं हे होणारं काम नाही.

पण संख्या कशी बनली आहे ते बघा. ४०२२०१ दोनदा लिहिलं, म्हणजे ४०२२०१ ला दहा लाखांनी गुणलं आणि त्यात पुन्हा ४०२२०१ मिळवलं:

४०२२०१४०२२०१ = ४०२२०१ × १००००००१ नव्हे, तर ४०२२०१ × १०००००१

दोन्ही मुद्दाम शेजारी लिहिले आहेत, कारण शून्यं मोजताना इथेच गडबड होते. सहा अंकी संख्या दोनदा लिहायची तर गुणक दहा लाख एक. दोन एकांमध्ये शून्यं पाचच.

आता १०००००१ फोडायचा. तो १०१ × ९९०१ आहे. पडताळा तोंडी होतो: ९९०१ ची शंभर पट ९९०१००, त्यात ९९०१ मिळवा, झाले १०००००१.

म्हणजे कुठलाही पिनकोड दोनदा लिहा, ती संख्या १०१ नं आणि ९९०१ नं भागली जाणारच. मग ते अलिबाग असो, गुहागर असो की वेंगुर्ले. बारा अंकांचा डोंगर एका ओळीत सहा अंकांवर आला.

सहा अंकही जड वाटत असतील तर गाडीच्या नंबरपासून सुरुवात करा. एमएच-०६, एमएच-०७ किंवा एमएच-०८ नंतरचे चार आकडे दोनदा लिहिले की गुणक येतो १०००१, आणि तो ७३ × १३७ आहे. तीन अंकी संख्येला गुणक १००१, म्हणजे ७ × ११ × १३. यातला १००१ लगेच पुढच्या पायरीला लागणार आहे.

३. लहान मूळ संख्यांच्या कसोट्या एका दमात लावा

२ आणि ५: शेवटचा अंक १, त्यामुळे दोन्ही बाद.

३ आणि ९: अंकांची बेरीज ४+०+२+२+०+१+४+०+२+२+०+१ = १८. म्हणून ९ नं भाग जातो.

२७ आणि ३७: ९९९ = २७ × ३७, म्हणून तीन-तीनच्या गटांची नुसती बेरीज करा. २०१+४०२+२०१+४०२ = १२०६. पुन्हा गट पाडा: १+२०६ = २०७. त्याला २७ नं भागलं तर बाकी १८, ३७ नं भागलं तर बाकी २२. दोन्ही बाद. म्हणजे ३ चा घात २ वरच थांबतो. हे आत्ताच कळलेलं बरं, कारण घात चुकला की पुढचं सगळं चुकतं.

७, ११ आणि १३: १००१ = ७ × ११ × १३, म्हणून उजवीकडून गट एकाआड एक अधिक-उणे करा. २०१−४०२+२०१−४०२ = −४०२. आता फक्त ४०२ तपासायचा. ७ नं भागलं तर बाकी ३, ११ नं ६, १३ नं १२. तिन्ही एकाच हिशेबात बाद.

१०१: उजवीकडून दोन-दोनचे गट, एकाआड एक अधिक-उणे. ०१−२२+४०−०१+२२−४० = ०. शून्य आलं, म्हणजे भाग जातो. दुसऱ्या पायरीत बीजगणितानं जे कळलं तेच इथे अंकांत दिसतं: तीन गट पुन्हा तेच येतात, पण उलट्या चिन्हानं, आणि एकमेकांना खाऊन टाकतात.

४. उरलेला पिनकोड फोडा, आणि वर्गमूळ आखडतं हे विसरू नका

४०२२०१ ÷ ९ = ४४६८९.

४४६८९ चं वर्गमूळ २११ च्या थोडं पुढे. २, ३, ५, ७, ११, १३ आधीच निकालात निघाले (सुरुवातीच्या अख्ख्या संख्येला ज्यानं भाग जात नाही, त्यानं तिच्या तुकड्यालाही जात नाही; आणि ३ चे दोन्ही घात ९ मध्ये निघून गेले). म्हणून थेट १७ पासून:

१७ → बाकी १३
१९ → बाकी १
२३ → बाकी ०, भागाकार १९४३

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, पुन्हा २ पासून सुरुवात करणं. गरज नाही, आधीचे भाजक बाद झालेत ते कायमचे. उलट २३ मात्र पुन्हा लावून बघायलाच हवा, कारण तो दोनदा असू शकतो. इथे १९४३ ला २३ नं भागलं तर बाकी ११, म्हणजे एकदाच आहे. दुसरी चूक, जुन्या वर्गमुळापर्यंत, २११ पर्यंत भागत बसणं. आता हातात १९४३ आहे आणि त्याचं वर्गमूळ ४४ च्या आसपास. मर्यादा ४३ वर आली.

२९ → बाकी ०, भागाकार ६७.

६७ मूळ आहे. संपलं.

४०२२०१ = ३² × २३ × २९ × ६७

सगळे पिनकोड इतके सरळ वागत नाहीत. रत्नागिरीचा ४१५६१२ घ्या. त्यातून ४ बाहेर काढला की उरतो १०३९०३. त्याचं वर्गमूळ ३२२, आणि तिथपर्यंतच्या साठाहून जास्त मूळ संख्यांनी भागून बघितलं तरी एकही लागत नाही. तो स्वतःच मूळ आहे. पण हे सांगण्याचा हक्क शेवटचा ३१७ लावून झाल्यावरच मिळतो. मधेच कंटाळून ‘हा मूळच दिसतोय’ असं लिहून मोकळं होऊ नका.

५. ९९०१ खरंच मूळ आहे का?

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

९९०१ चं वर्गमूळ १०० च्या आत. म्हणजे यादीतल्या २५ मूळ संख्यांनी भागून बघायचं. होतं, पण निम्म्याहून जास्त कष्ट वाचवता येतात.

समजा प ही मूळ संख्या ९९०१ ला भागते. १०००००१ हा ९९०१ चा पट आहे, म्हणून १० चा सहावा घात प नं भागला की बाकी −१ (म्हणजे प पेक्षा एकानं कमी) येणार, आणि बारावा घात भागला की बाकी १ येणार. १ ही बाकी बाराच्या आधी कुठे येते का? त्यासाठी १२ च्या विभाजकांकडेच बघावं लागतं. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा सहाव्या घाताला १ आली, तर सहाव्यालाही १ च येईल, पण तिथे −१ आहे. चौथ्याला १ आली, तर सहाव्याची बाकी आणि दुसऱ्याची बाकी एकच, म्हणजे १०० ची बाकी −१ ठरते, आणि प हा १०१ चा अवयव, म्हणजे १०१ च ठरतो. पण १०१ नं ९९०१ ला भाग जात नाही, बाकी ३ उरते. म्हणून बाक्यांचं चक्र बरोबर १२ चं. फर्माच्या लहान प्रमेयानुसार हे चक्र प−१ ला भागतंच. म्हणजे प ला १२ नं भागलं की बाकी १ हवी.

१०० च्या आत अशा मूळ संख्या पाचच: १३, ३७, ६१, ७३, ९७.

१३ → बाकी ८
३७ → बाकी २२
६१ → बाकी १९
७३ → बाकी ४६
९७ → बाकी ७

एकानंही भाग जात नाही. ९९०१ मूळ आहे. पंचवीस भागाकारांचं काम पाचांत झालं.

या १२ च्या चक्राचा पुरावा डोळ्यांनी बघायचा असेल तर १ ला ९९०१ नं भागत जा. दशांश येतात ०.०००१००९९९८९९, आणि बारा अंकांनंतर पुन्हा तेच. हा भागाकार एकदा कागदावर जरूर करा. शेवटच्या पायरीला बाकी १ उरते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होताना दिसतं.

तर पूर्ण उत्तर:

४०२२०१४०२२०१ = ३² × २३ × २९ × ६७ × १०१ × ९९०१

६. ताळा करा, पण नवाचा नव्हे

आपल्याकडे गुणाकार तपासायला नवाचा ताळा करतात, म्हणजे दोन्ही बाजूंना ९ नं भागून बाक्या जुळतात का बघतात. या संख्येला तो निकामी आहे. अवयवांत ९ स्वतःच बसलेला असल्यानं बाकीचे अवयव काहीही लिहिले तरी गुणाकाराची नवाची बाकी शून्यच येते.

माझ्या भाच्याला हे शिकवत होतो. पावसाचे दिवस, वीज गेलेली, पडवीत वही घेऊन बसलो होतो. त्यानं उत्तर लिहिलं ९ × २३ × २९ × ७६ आणि म्हणाला, “मामा, ताळा बसला!” बसणारच होता. ६७ चे ७६ झाले तरी नवाची बाकी बदलत नाही, अंकांची अदलाबदल नवाला कधीच दिसत नाही. त्यात ९ चा अवयव. मी त्याला अकराचा ताळा करायला सांगितला. ४०२२०१ चे अंक उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे केले: १−०+२−२+०−४ = −३, म्हणजे बाकी ८. त्याच्या अवयवांच्या अकराच्या बाक्या ९, १, ७, १०. गुणाकार ६३०, बाकी ३. तीन आणि आठ जुळेनात. त्यानं वही वर धरली, उजेडाकडे केली आणि स्वतःच ७६ खोडून ६७ लिहिले. आता ९ × १ × ७ × १ = ६३, बाकी ८. बसला.

पूर्ण बारा अंकी उत्तराचा ताळा ११ आणि १३ नं करा. तिसऱ्या पायरीतला −४०२ इथे आयता कामी येतो.

११ साठी: संख्येची बाकी ५. अवयवांच्या बाक्या ९, १, ७, १, २, १. गुणाकार १२६, बाकी ५.

१३ साठी: संख्येची बाकी १. अवयवांच्या बाक्या ९, १०, ३, २, १०, ८. टप्प्याटप्प्यानं गुणत आणि बाकी घेत गेलात तर शेवटी १.

दोन्ही जुळले तर निर्धास्त पुढे जा.

७. विभाजक मोजा आणि मांडा

प्रत्येक घातात १ मिळवून गुणाकार करायचा: ३ × २ × २ × २ × २ × २ = ९६. या संख्येला ९६ विभाजक आहेत.

सगळे लिहायचे असतील तर आधी पिनकोडचे २४ लिहा, तीन-तीनच्या ओळींत. प्रत्येक ओळ म्हणजे पहिली संख्या, तिची तिप्पट आणि नऊपट:

१, ३, ९
२३, ६९, २०७
२९, ८७, २६१
६७, २०१, ६०३
६६७, २००१, ६००३
१५४१, ४६२३, १३८६९
१९४३, ५८२९, १७४८७
४४६८९, १३४०६७, ४०२२०१

मग या प्रत्येकाला १, १०१, ९९०१ आणि १०००००१ नं गुणा. २४ × ४ = ९६. सुचेल तसे लिहीत गेलात तर एखादा तरी निसटतोच.

पिनकोडच १०१ नं भागला जात असेल तर मात्र सावध. मग दोनदा लिहिलेल्या संख्येत १०१ चा घात २ होतो आणि हे चारपटीचं गणित लागू पडत नाही.

८. विभाजकांची बेरीज: न्यून की विपुल?

प्रत्येक मूळ अवयवासाठी एक कंस. ३² साठी १+३+९ = १३. बाकीच्यांसाठी अवयव अधिक १.

१३ × २४ × ३० × ६८ × १०२ × ९९०२ = ६,४२,८४,७३,४५,९२०

३² साठी (१+३)², म्हणजे १६, लिहिणं ही इथली नेहमीची चूक. घात असला की पूर्ण मालिका घ्यायची.

या बेरजेतून संख्या स्वतः वजा करा: २,४०,६४,५९,४३,७१९. हे संख्येपेक्षा कमी आहे, म्हणून ही न्यून संख्या. जास्त असती तर विपुल, आणि बरोबर तेवढीच असती तर ६ किंवा २८ सारखी परिपूर्ण.

दापोलीचा ४१५७१२ दोनदा लिहून बघा. त्याचे अवयव २⁵ × ११ × ११८१, आणि सोबत नेहमीचे १०१ आणि ९९०१. विभाजकांची बेरीज संख्येच्या दुपटीहून जास्त भरते, म्हणजे दापोली विपुल. दोनाचे पाच घात असल्यावर तराजू लगेच त्या बाजूला झुकतो. अलिबागकडे एकही दोन नाही.

९. सहमूळ संख्या किती?

१ पासून आपल्या संख्येपर्यंत, तिच्याशी १ खेरीज एकही सामाईक विभाजक नसलेल्या संख्या किती, हे ऑयलरचं फाय फलन सांगतं. प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करून गुणा; घात असलेल्या ३ साठी मात्र ३ × २ = ६ घ्या, २ × २ = ४ नव्हे.

६ × २२ × २८ × ६६ × १०० × ९९०० = २,४१,४९,६६,४०,०००

म्हणजे दर शंभरात सुमारे साठ.

१०. वर्गांची बेरीज आणि वर्गांचा फरक

संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? फर्मानं १६४० मध्ये मर्सेनला लिहिलेल्या पत्रात मूळ संख्यांसाठीचा नियम सांगितला आणि पुढे ऑयलरनं तो सिद्ध केला: ४ नं भागून बाकी १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते. सगळ्या संख्यांसाठी त्याचं रूप असं: ४ नं भागून बाकी ३ उरणारा प्रत्येक मूळ अवयव सम घातात असायला हवा.

गुहागरच्या ४१५७०३ चा निकाल बघताक्षणी लागतो. शेवटचे दोन अंक ०३, बाकी ३, म्हणजे शक्यच नाही. अलिबाग मात्र फसवतं. शेवटचे दोन अंक ०१, बाकी १, म्हणून पुष्कळ जण ‘होईल’ असं लिहून टाकतात. पण आत २३ आणि ६७ आहेत. दोघांचीही बाकी ३, दोघंही एकेकदाच. त्यांच्या गुणाकाराची बाकी ३ × ३ = ९, म्हणजे १ होते, आणि बाहेरून दोष दिसत नाही. उत्तर: लिहिता येत नाही. अवयव काढल्याशिवाय हे कळायला मार्ग नव्हता.

वर्गांचा फरक सोपा. दोन विषम अवयवांची सरासरी आणि त्यांच्या फरकाची निम्मी घ्या. ४०२२०१ आणि १०००००१ ची सरासरी ७०११०१, फरकाचा निम्मा २९८९००. म्हणून

४०२२०१४०२२०१ = ७०११०१² − २९८९००²

कॅल्क्युलेटरवर करून बघा. पहिला वर्ग ४९१५४२६१२२०१, दुसरा ८९३४१२१००००. असे एकूण ४८ प्रकार निघतात, विभाजकांच्या प्रत्येक जोडीमागे एक.

११. कापरेकरांच्या वाटेनं

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर कोकणातलेच. १७ जानेवारी १९०५ ला डहाणूला जन्म. देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगभर गेला. विद्यार्थी असताना १९२७ मध्ये त्यांना मिळालेलं पारितोषिक रँग्लर परांजप्यांच्या नावाचं होतं, आणि परांजपे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, १८९९ चे केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले. आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना ही दोन नावं ठाऊक असायलाच हवीत असं मला वाटतं.

कापरेकरांनी अंकांच्या बेरजेवरून संख्यांचे प्रकार पाडले. अंकांच्या बेरजेनं भाग जाणारी ती हर्षद संख्या. ४०२२०१ ची बेरीज ९, भाग जातो, म्हणून अलिबागचा पिनकोड हर्षद आहे. पण दोनदा लिहिला की बेरीज १८ होते आणि संख्या विषमच राहते. विषमाला अठरानं भाग कसा जाणार? एका संख्येचा अंकांवरचा गुणधर्म ती दोनदा लिहिल्यावर टिकेलच असं धरून चालू नका.

दुसरा प्रकार स्वयंभू संख्या. जिला ‘एखादी संख्या अधिक तिच्या अंकांची बेरीज’ अशा रूपात लिहिता येत नाही, ती स्वयंभू. आपली संख्या तशी नाही: ४०२२०१४०२१७४ च्या अंकांची बेरीज २७, ती मिळवली की ४०२२०१४०२२०१. शोधताना दरेक संख्या तपासायची नसते. आपल्या संख्येला ९ नं भाग जातो, म्हणून जनक संख्येलाही जायलाच हवा. मागे नऊ-नऊच्या उड्या मारा. तिसऱ्या उडीला सापडते.

आणि ही गंमत मुलांना फार आवडते: संख्या उलटी लिहून तिच्यातच मिळवा. ४०२२०१४०२२०१ + १०२२०४१०२२०४ = ५०४४०५५०४४०५. दोन्हीकडून वाचा, तीच.

१२. आता संगणक

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘फॅक्टर’ (factor) ही आज्ञा असते. तिच्यापुढे संख्या लिहिली की अवयव लगेच समोर येतात. पायथॉनही चांगलं, त्यात पूर्णांक कितीही मोठे चालतात. फक्त भागाकार एका तिरक्या रेघेनं करू नका, दोन रेघांनी करा. एका रेघेनं उत्तर दशांशात येतं आणि ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे शेवटचे अंक बिनचूक राहतीलच असं नाही. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच भरवशाचं. सोळाव्या अंकापासून शून्यं भरतं.

खूप मोठी संख्या मूळ आहे का हे विचारताना एकट्या फर्माच्या कसोटीवर विसंबू नका. (ही कसोटी म्हणजे एखादी संख्या पाया म्हणून घ्यायची, तपासायच्या संख्येतून १ वजा करून तेवढा तिचा घात करायचा, आणि तपासायच्या संख्येनं भागून बाकी १ येते का बघायचं.) ५६१ = ३ × ११ × १७, तरीही ज्या पायांना या तिघांपैकी एकानंही भाग जात नाही, त्या सगळ्यांना ती ही कसोटी पार करते. मूळ आहे की नाही हे नेमकं आणि वेगानं ठरवता येतं, हे २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतल्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी सिद्ध केलं. अवयव काढणं ही वेगळी आणि खूप अवघड गोष्ट. आरएसए या गुप्तलेखनाच्या पद्धतीसाठी आव्हान म्हणून दिलेली २५० अंकी संख्या २०२० मध्ये फुटली, तीही असंख्य संगणक जुंपल्यावर.

सरावासाठी

चिपळूणचा ४१५६०५ घ्या. अंकांची बेरीज २१, शेवटी ५. त्यातून १५ काढला की उरतो २७७०७. त्याचं वर्गमूळ १६६ च्या आसपास, आणि १०३ पर्यंत धीर धरलात तर १०३ × २६९ मिळतात. तो हर्षद आहे का, दोनदा लिहिल्यावर त्याचे विभाजक किती, आणि दोन वर्गांची बेरीज होते का, हे स्वतः काढा. उत्तरं अशी यायला हवीत: नाही, ६४, नाही, कारण ३ आणि १०३ दोघंही एकेकदाच आहेत.